वीज-गॅसचा सप्लायर बदलला, फायनल बिल येईना: ब्रिटनमध्ये काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

सप्लायर बदलून तीन-चार महिने झाले, जुन्याकडे दोनशे पौंड अडकून पडलेत आणि फायनल बिलाचा पत्ता नाही. अशा वेळी बहुतेक जण फोन लावतात. अर्धा तास संगीत ऐकायचं, मग 'पुढच्या आठवड्यात येईल' असं ऐकायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. नियमाप्रमाणे तोंडी सांगितलेली तक्रार ही तक्रारच असते. पण समोरचा माणूस ती बहुधा साधी चौकशी म्हणून नोंदवतो आणि तक्रारीची मुदत सुरूच होत नाही. लोक सहा-सहा महिने घालवतात ते इथे.

दुसऱ्या टोकाची माणसंही असतात. बिल आलं नाही म्हणजे सुटलो, अशा आनंदात राहतात. त्यांच्यासाठी सातवा टप्पा आहे.

खालचं सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या घरगुती वीज-गॅस कनेक्शनबद्दल आहे. नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, आणि दुकान किंवा ऑफिसच्या कनेक्शनला यातलं सगळं लागू होत नाही.

आधी या मुदती लिहून घ्या

- स्विचच्या (सप्लायर बदलल्याच्या) तारखेपासून ६ आठवड्यांत जुन्या सप्लायरने फायनल बिल काढलं पाहिजे.
- बिलात क्रेडिट (तुमचे जास्तीचे भरलेले पैसे) निघालं तर बिल काढल्यापासून कामाच्या १० दिवसांत ते परत आलं पाहिजे.
- या दोन्हींपैकी जी मुदत चुकेल तिच्यासाठी भरपाई आहे: मे २०२५ पासून ४० पौंड, त्याआधी ३० होती. ती न मागता मिळायला हवी. कामाच्या १० दिवसांत तीही दिली नाही, तर तेवढीच रक्कम आणखी एकदा द्यावी लागते.
- तक्रार नोंदवल्यापासून ८ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर एनर्जी ऑम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि सप्लायरमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं.

उदाहरण घ्या. स्विच १० मार्चला झाला, तर फायनल बिलाची शेवटची तारीख २१ एप्रिल. २२ एप्रिलला लेखी तक्रार टाकली, तर १७ जूनला आठ आठवडे पूर्ण. स्वतःच्या तारखा अशाच काढा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. आजवर झालेल्या फोन-कॉल्सची यादी यापुढे फारशी कामाची नाही, या चार तारखा कामाच्या आहेत.

टप्पा १: खातं बंद होण्याआधी कागद गोळा करा

स्विच झाल्यावर जुन्या सप्लायरचं अ‍ॅप किंवा ऑनलाइन खातं कधीही बंद होऊ शकतं. तेव्हा आधीच उतरवून घ्या:

- गेल्या वर्षभराची सगळी बिलं, पीडीएफमध्ये. नुसते स्क्रीनशॉट नकोत.
- टॅरिफची माहिती: युनिट दर, रोजचा स्टँडिंग चार्ज, करार संपण्याची तारीख, एक्झिट फी (मुदतीआधी करार सोडल्याचं शुल्क).
- भरलेल्या पैशांची यादी. ती बँक स्टेटमेंटवरूनही काढून ठेवा, कारण वाद झाला तर सप्लायरच्या यादीपेक्षा बँकेची यादी वजनदार.
- विजेच्या कनेक्शनचा क्रमांक म्हणजे एमपॅन (१३ आकडी), गॅसच्या कनेक्शनचा क्रमांक म्हणजे एमपीआरएन, आणि दोन्ही मीटरवर छापलेले सीरियल नंबर.

सीरियल नंबर तपासण्याचा कंटाळा करू नका. नव्या बांधणीच्या फ्लॅटमध्ये तळमजल्याच्या कपाटात दहा-बारा मीटर एका ओळीत असतात आणि त्यावर चिकटवलेले फ्लॅट नंबर चुकलेले असू शकतात. बिलावरचा सीरियल नंबर आणि तुमच्या मीटरवरचा नंबर जुळत नसेल, तर तुम्ही शेजाऱ्याची वीज भरताय. हे स्विचच्या आधी सुटलं पाहिजे, नंतर त्यात दोन सप्लायर अडकतात.

खात्यावरचा ईमेलही पाहून घ्या. ऑफिसचा ईमेल दिला असेल आणि नोकरी बदलली, तर बिल वेळेवर निघूनही तुमच्यापर्यंत येणार नाही. मग 'आम्ही तर पाठवलं होतं' या उत्तरावर तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

एक्झिट फीबद्दल एवढंच: फिक्स्ड कराराच्या शेवटच्या ४९ दिवसांत सोडलं तर एक्झिट फी लावता येत नाही. फायनल बिलात ती दिसली तर तारखा मोजा.

टप्पा २: स्विचच्या दिवसाचं रीडिंग

सगळ्या प्रक्रियेत इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. फायनल बिल अडकतं किंवा चुकतं ते बहुतेक वेळा याच आकड्यामुळे.

व्यवस्था अशी आहे: तुम्ही रीडिंग नव्या सप्लायरला देता. ते आधीच्या वापराशी ताडून पाहिलं जातं आणि मग जुन्या सप्लायरकडे जातं. नव्याचं सुरुवातीचं रीडिंग आणि जुन्याचं शेवटचं रीडिंग एकच असलं पाहिजे. जुन्याला हे रीडिंग मिळालंच नाही तर तो बिल काढत नाही, किंवा अंदाजाने काढतो.

म्हणून स्विचच्या दिवशी मीटरसमोर उभं राहून फोटो काढा. आकडे आणि सीरियल नंबर एकाच फोटोत आले पाहिजेत. फोटो स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मग रीडिंग नव्या सप्लायरला द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. जुन्यालाही कळवायला हरकत नाही, पण फक्त जुन्याला कळवून थांबू नका.

रीडिंग घेताना या चुका होतात:

साध्या मीटरवरचे लाल आकडे आणि दशांश चिन्हानंतरचे आकडे द्यायचे नसतात. पाच आकड्यांऐवजी सहा दिले की वापर दहापट दिसतो, रीडिंग नाकारलं जातं, आणि नाकारल्याचं तुम्हाला कोणी सांगेलच असं नाही.

स्मार्ट मीटर असेल तर स्वयंपाकघरात ठेवलेला छोटा डिस्प्ले म्हणजे मीटर नव्हे. त्यावर मुख्यतः पौंडांत खर्च दिसतो. प्रत्यक्ष मीटरचं बटण दाबून किलोवॅट-अवरचा आकडा घ्या. छतावर सोलर असेल तर 'इम्पोर्ट'चा आकडा द्या, 'एक्स्पोर्ट'चा नाही.

'इकॉनॉमी ७' (रात्रीची वीज स्वस्त असलेलं टॅरिफ) असेल तर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन आकडे असतात. कोणता कोणाचा हे आधीच्या बिलावरून पक्कं करा. दोन्ही उलटे गेले, तर स्वस्त रात्रीची वीज दिवसाच्या दराने मोजली जाते.

सावधान: 'स्मार्ट मीटर आहे, रीडिंग आपोआप जाईल' यावर विसंबू नका. स्विचनंतर जुन्या सप्लायरला तुमचा मीटर दूरून वाचता येत नाही. त्या दिवशीचं रीडिंग हुकलं तर मागे जाऊन ते मिळवणं कटकटीचं असतं. फोटो काढायला दोन मिनिटं लागतात.

दिवस उलटून गेला असेल तर? आजचं रीडिंग फोटोसकट घ्या. नव्या सप्लायरच्या पहिल्या बिलावर सुरुवातीचं रीडिंग छापलेलं असतं, ते काढा. दोन्हींच्या मधला वापर तुमच्या रोजच्या वापराशी ढोबळमानाने जुळतो का पाहा. जुळत असेल तर चिंता नाही.

टप्पा ३: सहा आठवडे थांबताना

डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून सप्लायरकडे आपोआप जाणारा हप्ता) रद्द करू नका. मोह होतो तो इथेच, कारण पहिला विचार हाच येतो की आता त्यांनी आणखी पैसे ओढायला नकोत. पण डेबिट रद्द केलं की परताव्याचा सरळ रस्ता बंद होतो. मग चेक येतो, तोही जुन्या पत्त्यावर. आणि थोडं देणं निघालं तर ते थकबाकी म्हणून पुढे सरकतं. चुकीची रक्कम ओढली गेलीच, तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँकेकडून ती परत मागता येते. ते हत्यार तुमच्याकडे आहेच.

या काळात जुन्याला रोज फोन करून काही होत नाही. सहा आठवडे ही त्यांची हक्काची मुदत आहे.

मधेच, भारतात परतणाऱ्यांसाठी

ऑनसाइट संपवून किंवा शिक्षण संपवून पुण्या-मुंबईला परत निघालेल्यांचे पैसे सगळ्यात जास्त अडकतात. तुमचं प्रकरण स्विचचं नसून घर सोडण्याचं असतं. फायनल बिल सहा आठवड्यांत यावं हे तिथेही धरून चला. पण वर सांगितलेल्या भरपाईचा नियम स्विचसाठी लिहिलेला आहे, तेव्हा ती गृहीत धरू नका. तक्रार आणि ऑम्बड्समनचा मार्ग मात्र तुम्हालाही खुला आहे.

निघताना तीन गोष्टी. ब्रिटनमधलं बँक खातं परतावा येईपर्यंत बंद करू नका, कारण पौंडांतला चेक भारतात वटवायला वेळ आणि शुल्क दोन्ही लागतं, आणि बँक तो घेईलच असं नाही. खात्यावर स्वतःचा ईमेल टाका. आणि इथे राहणाऱ्या एखाद्या मित्राला तुमच्या वतीने बोलण्याची लेखी परवानगी सप्लायरकडे नोंदवून ठेवा.

चौघे विद्यार्थी एका घरात राहत असतील, तर खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच सप्लायर बोलतो. नेमका तोच आधी परत गेला, तर बाकीच्या तिघांनी कितीही फोन केले तरी 'डेटा प्रोटेक्शन' हे एकच उत्तर मिळतं. त्याच्याकडून परवानगी आधीच घ्या.

टप्पा ४: मुदत उलटली, आता बिल कुठे अडकलं ते शोधा

तक्रार लिहिण्याआधी एक चौकशी करा, आणि ती नव्या सप्लायरकडे. त्याला लेखी विचारा: माझ्या खात्यावर सुरुवातीचं रीडिंग किती धरलं आहे, कोणत्या तारखेचं, आणि ते जुन्या सप्लायरला कधी गेलं?

जुन्याचं नेहमीचं उत्तर असतं, 'नव्या सप्लायरकडून रीडिंग आलं नाही म्हणून थांबलोय.' नव्याचं उत्तर हातात असलं की ही टोलवाटोलवी तिथेच संपते. रीडिंग गेलंच नसेल तर नव्याला ते पाठवायला लावा. गेलं असेल तर ती तारीख आणि आकडा तुमच्या तक्रारीत घाला.

तपासा: बिल खरोखर आलं नाही ना? स्पॅम फोल्डर, जुना ईमेल, जुन्या घराच्या दारात पडलेली पत्रं, आणि ऑनलाइन खातं चालू असेल तर तिथलं 'डॉक्युमेंट्स' पान. बिल आधीच निघालेलं असेल तर तक्रार वेगळी लिहावी लागते.

टप्पा ५: लेखी तक्रार, एकदाच आणि नीट

ईमेल किंवा सप्लायरच्या वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्म वापरा. चॅटवर बोललात तर संभाषण जतन करून घ्या, खिडकी बंद झाली की ते जातं. मजकूर छोटा ठेवा. त्यात एवढं हवं:

१. पहिल्याच ओळीत 'धिस इज अ फॉर्मल कंप्लेंट'. आढेवेढे नकोत.
२. खाते क्रमांक, पत्ता, एमपॅन, एमपीआरएन.
३. स्विचची तारीख आणि सहा आठवडे संपल्याची तारीख.
४. त्या दिवशीचं रीडिंग, सोबत फोटो.
५. तुम्हाला काय हवंय: या रीडिंगवर आधारित फायनल बिल, क्रेडिटचा परतावा, आणि 'गॅरंटीड स्टँडर्ड्स'खालची (वर मुदतींच्या यादीत सांगितलेली) भरपाई.
६. तक्रारीचा क्रमांक लेखी कळवा, अशी विनंती.

आपली मंडळी इथे दोन पानी निबंध लिहितात. लहान मूल आहे, थंडी आहे, कसा मनस्ताप झाला वगैरे. घरात लहान बाळ, आजारी किंवा वयस्क माणूस असेल आणि पैशाअभावी हीटिंग बंद ठेवावं लागत असेल, तर ते जरूर लिहा, त्याला महत्त्व आहे. बाकीचा राग बाजूला ठेवा. वाचणारा माणूस तारखा आणि आकडे शोधत असतो.

सावधान: काही दिवसांनी 'तुमची तक्रार सोडवली आहे, बंद करत आहोत' असा ईमेल येऊ शकतो. बिल आलेलं नाही किंवा चुकीचं आहे, तर त्याच ईमेलला उत्तर द्या: सुटलेली नाही, चालू ठेवा. नवी तक्रार टाकू नका. नवी टाकली की आठ आठवडे पहिल्यापासून मोजले जाण्याचा धोका आहे.

कुठे काय नोंदलंय याचा पत्ताच लागत नसेल, तर 'सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट' पाठवा. तुमच्या खात्यावरची माहिती, फोनच्या नोंदी, रीडिंग हे सगळं त्यांना साधारण एका महिन्यात द्यावं लागतं, आणि ते मोफत असतं. प्रत्येक प्रकरणात याची गरज नसते.

मोफत सल्ला हवा असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची ग्राहक हेल्पलाइन आहे: ०८०८ २२३ ११३३. ऑफजेम ही नियामक संस्था आहे, ती एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिकडे ईमेल पाठवून वाट बघत बसू नका.

टप्पा ६: बिल आलं, पैसे देण्याआधी वाचा

उशिरा आलेलं बिल घाईत काढलेलं असतं. या क्रमाने बघा.

आधी रीडिंग. आकड्यापुढे प्रत्यक्ष, ग्राहकाने दिलेलं की अंदाज ते लिहिलेलं असतं. शेवटचं रीडिंग नव्या सप्लायरच्या सुरुवातीच्या रीडिंगशी जुळवा, आणि मीटरवर दिवसाचा-रात्रीचा असे दोन आकडे असतील तर दोन्ही. जुन्याने ४८२० वर संपवलं आणि नव्याने ४६५० पासून सुरू केलं, तर मधली १७० युनिट तुम्ही दोनदा भरताय. असा फरक निघाला तर रीडिंग दुरुस्तीची मागणी नव्या सप्लायरकडे करा. दोघांनी मान्य केलेलं रीडिंग जुन्यापर्यंत पोहोचवणं त्याचं काम आहे. जुन्याला फक्त कळवून ठेवा.

मग तारखा. स्टँडिंग चार्ज स्विचच्या दिवशी थांबला का? बिल उशिरा काढताना तो बिलाच्या तारखेपर्यंत लावलेला असेल, तर ते पैसे तुमचे नाहीत.

मग गॅसची एककं. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात, नवे घनमीटरमध्ये. जुन्या मीटरच्या एका युनिटचे साधारण ३१-३२ किलोवॅट-अवर होतात, नव्याच्या एका युनिटचे ११ च्या आसपास. मीटर घनमीटरचा आणि बिल घनफुटांचं, असं झालं तर बिल जवळजवळ तिप्पट येतं. मीटरवर 'एम३' लिहिलंय की 'एफटी३' ते बघा, आणि बिलावरची युनिटं व किलोवॅट-अवर यांचा भागाकार करा. वर्षभर बरोबर येत असलेलं बिल शेवटी अचानक फुगलं असेल, तर मी आधी हेच पाहीन.

शेवटी भरलेले पैसे आणि व्हॅट. घरगुती वीज-गॅसवर व्हॅट ५ टक्के असतो. बँक स्टेटमेंटमधला प्रत्येक हप्ता बिलात आलाय का, ते एकेक टिकमार्क करत पाहा. सुटतो तो बहुधा स्विचच्या आधीचा शेवटचा हप्ता.

बिल बरोबर आहे आणि तुमचंच देणं निघतंय, पण रक्कम मोठी आहे? हप्ते मागा. उशीर त्यांचा असताना सगळी रक्कम एकदम द्यायची गरज नाही. काही भाग चुकीचा वाटत असेल तर जेवढं मान्य आहे तेवढं भरा आणि उरलेल्याबद्दल लेखी हरकत घ्या. सगळंच रोखून धरलं की प्रकरण वसुलीकडे जातं.

टप्पा ७: बारा महिन्यांचा नियम नीट समजून घ्या

२०१८ पासून घरगुती ग्राहकांना हे संरक्षण आहे: सप्लायरने वेळेवर बिल काढलं नाही, तर बिलाच्या तारखेच्या १२ महिन्यांहून आधी वापरलेल्या, बिल न झालेल्या वीज-गॅसचे पैसे त्याला मागता येत नाहीत. फायनल बिलालाही हे लागू आहे.

यावरून लोक भलतंच समजतात. 'वर्ष झालं, बिल माफ' असा हा नियम नाही. स्विच होऊन आठ महिने झाले आणि आज बिल आलं, तर स्विचच्या आधीच्या शेवटच्या चार महिन्यांचे पैसे मागता येतात, त्यापूर्वीचे नाहीत. स्विच होऊन चौदा महिने झाल्यावर पहिल्यांदाच बिल आलं, तर मागण्याजोगं काही उरत नाही. पण आधीच बिल झालेली आणि तुम्ही न भरलेली रक्कम तशीच राहते. तुम्ही मीटर वाचू दिला नसेल किंवा वीज चोरली असेल, तर हे संरक्षणही मिळत नाही.

तुमचं क्रेडिट या नियमाने बुडत नाही. ते मागत राहा.

हा नियम मोडलेला दिसला तर 'बॅक-बिलिंग' हा शब्द वापरूनच तक्रार करा. मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं.

टप्पा ८: वसुलीवाल्यांचं पत्र आलं तर

घाबरून पैसे देऊ नका आणि पत्र फेकूनही देऊ नका. त्या कंपनीला आणि सप्लायरला, दोघांना एकच ईमेल: ही रक्कम वादात आहे, तक्रारीचा क्रमांक अमुक, निकाल लागेपर्यंत खातं होल्डवर ठेवा. क्रेडिट फाइलवर (कर्ज आणि बिलं फेडल्याच्या तुमच्या नोंदीवर) 'डिफॉल्ट' लागलं तर ते सहा वर्षं राहतं, आणि पुढे मॉर्गेज घेताना आडवं येतं. म्हणून या ईमेलला उशीर नको. चुकीची नोंद आधीच झाली असेल, तर ती काढून टाकण्याची मागणी तक्रारीत जोडा.

टप्पा ९: ऑम्बड्समन

आठ आठवडे झाले, किंवा त्याआधीच सप्लायरने 'आमचं हे अंतिम उत्तर' असं सांगणारं डेडलॉक लेटर दिलं, की एनर्जी ऑम्बड्समनकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. ग्राहकाला काही खर्च नाही. डेडलॉक लेटर मिळाल्यापासून १२ महिन्यांत अर्ज करायचा. प्रकरण पुढे सरकत नाही हे दिसत असेल, तर डेडलॉक लेटर स्वतःहून मागता येतं.

अर्जाला जोडा: तक्रारीचा पहिला ईमेल, रीडिंगचे फोटो, नव्या सप्लायरचं उत्तर, बँक स्टेटमेंटची संबंधित पानं, आणि तारखांची अर्ध्या पानाची यादी. काय हवंय ते आकड्यांत लिहा: परतावा इतका, भरपाई इतकी, बिलात ही दुरुस्ती, क्रेडिट फाइलवरची नोंद काढणं, माफीचं पत्र. 'न्याय मिळावा' असं लिहून तपास करणाऱ्याच्या हाती काही पडत नाही.

निर्णय तुम्ही मान्य केला तर तो सप्लायरवर बंधनकारक असतो. मान्य नसेल तर नाकारून कोर्टात जायचा मार्ग मोकळा राहतो, पण दोन-तीनशे पौंडांसाठी ती वाट मी सुचवणार नाही. मान्य केल्यानंतर अंमलबजावणीसाठी सप्लायरला २८ दिवस असतात. ती तारीखही कॅलेंडरमध्ये टाका. पैसे आले नाहीत तर ऑम्बड्समनलाच त्याच केस क्रमांकावर कळवा, सप्लायरला फोन करू नका. डायरेक्ट डेबिट रद्द करायचं ते पैसे खात्यात दिसल्यावर.